वाड्याची कोरी भिंत

दांडिया बाजारातला आमचा वाडा २००८ च्या मे महिन्यात पाडला, तेव्हा मी दहा वर्षांची होते. मला आठवतो तो नुसता धुरळा, आणि आजीने कापडी पिशवीत भरून घेतलेल्या पितळी कड्या. आता तिथे चार मजली कॉम्प्लेक्स आहे. खाली मोबाइल कव्हरांचं दुकान, शेजारी झेरॉक्सवाला, वर दोन क्लासेस. आपल्या मंडळात चार माणसं जमली की वाड्याचा विषय निघतोच. तुमचा कुठे होता, कधी काढला, कुणी घेतला. कोणत्या भावाला किती मिळाले, हा प्रश्न सहसा मनातल्या मनात विचारला जातो.

दोन वर्षांपूर्वी डिझाइनच्या मास्टर्ससाठी प्रबंधाचा विषय ठरवायची वेळ आली. मी गाइडना सांगितलं, मला आमचा वाडा त्याच जागी परत उभा करायचा आहे. फोनमध्ये. त्या म्हणाल्या, "घरच्या विषयावर काम करताना माणूस आंधळा होतो. बघ हं." मी ऐकलं आणि सोडून दिलं.

तुम्ही ऑगमेंटेड रिॲलिटी वापरली आहे, नाव माहीत नसलं तरी. २०१६ मध्ये पोकेमॉन गोच्या नादात ज्यांनी कमाटीबागेत चकरा मारल्या त्यांनी वापरली. चेहऱ्यावर कुत्र्याचे कान लावून सेल्फी काढणाऱ्यांनीही. फोनचा कॅमेरा समोरचं खरं दृश्य दाखवतो आणि त्यात, नेमक्या जागी, तिथे नसलेली वस्तू बसवतो. तुम्ही पाऊल पुढे टाकलं तर ती वस्तू मोठी दिसते, बाजूला सरकलात तर तिची बाजू दिसते. कल्पना बरीच जुनी आहे. १९६८ मध्ये अमेरिकेत आयव्हन सदरलँडनी डोक्यावर घालायचं एक यंत्र केलं होतं. ते इतकं जड होतं की छताला टांगावं लागायचं, आणि त्यातून दिसायच्या त्या हवेत तरंगणाऱ्या रेघांच्या आकृत्या. आज ते काम खिशातला फोन करतो.

माझ्या डोक्यात वाडा शिरला तो मात्र दुसऱ्याच एका प्रयोगामुळे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९९९ मध्ये स्टीव्हन फायनर, टोबियास होलरर हे संगणकवाले आणि जॉन पाव्हलिक हे पत्रकारितेचे प्राध्यापक यांनी मिळून एक गोष्ट केली. पाठीवर संगणक, जीपीएसचा अँटेना, डोळ्यांवर पारदर्शक पडदा आणि हातात एक छोटी स्क्रीन, एवढं सगळं अंगावर चढवून माणसाने विद्यापीठाच्या आवारात फिरायचं. जागोजागी त्याला छोटे झेंडे दिसत. झेंड्याकडे रोखून पाहिलं की त्या जागेची गोष्ट उघडे. एक गोष्ट १९६८ मधल्या विद्यार्थ्यांच्या बंडाची होती. दुसरी होती मनोरुग्णालयाची. विद्यापीठ १८९७ मध्ये त्या जागेवर आलं, त्याआधी तिथे ब्लूमिंगडेल नावाचं मनोरुग्णालय होतं. पाडलेल्या त्या इमारतींची मॉडेल्स मूळ जागी उभी राहून दिसत. त्यातली एकच इमारत खरी शिल्लक आहे, आजही वापरात आहे.

त्या शोधनिबंधातला फोटो मी किती वेळा पाहिला असेल. पाठीवर ते ओझं घेतलेला माणूस भर उन्हात उभा, आणि त्याला मोकळ्या हिरवळीवर वेड्यांचं इस्पितळ दिसतंय. ज्या जागेवर आपण रोज डबा खातो तिथे कधीकाळी कुणीतरी कोंडलेलं होतं, हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि तिथेच उभं राहून पाहणं वेगळं. संशोधनात याचा उपयोग करणारे पुढे बरेच झाले. जॉन क्रेग फ्रीमन या कलावंताने अमेरिका-मेक्सिकोच्या सरहद्दीवर, वाळवंट ओलांडताना मेलेल्यांचे अवशेष जिथे जिथे सापडले, त्या प्रत्येक जागी एक आभासी सांगाडा ठेवला. फोन वर केला की दिसतो, खाली केला की नुसतं वाळवंट. आपल्याकडे २०१४ मध्ये 'प्रियाज शक्ती' हे कॉमिक आलं. बलात्कारातून वाचलेली मुलगी त्याची नायिका. पानावर किंवा भिंतीवरच्या चित्रावर फोन धरला की ते चित्र हलायला, बोलायला लागतं. मी हे सगळं वाचत होते आणि वाड्याचा विचार करत होते. वाड्यात काय, सगळं गोडच होतं, असं तेव्हा वाटत होतं.

काम सुरू केलं ते ४१ फोटोंवर. हल्ली एखाद्या वस्तूचे चहूबाजूंनी शंभर-दोनशे फोटो काढले तर सॉफ्टवेअर त्यावरून तिचं त्रिमिती मॉडेल बनवतं. पण घरच्या जुन्या अल्बममध्ये घर कधीच नसतं. असतात ती माणसं, आणि ती नेमकी घराच्या समोर उभी असतात. आत्याच्या लग्नाच्या फोटोत पाठीमागचा अर्धा खांब, काकाच्या मुंजीच्या फोटोत चौकाचा एक कोपरा, बाबांच्या पहिल्या वाढदिवसाला तुळशीवृंदावनाची किनार. मला हाताने रेघ रेघ बांधत जावं लागलं.

मापं मिळाली ती आजोबांच्या सायकलीमुळे. एका फोटोत ती दर्शनी भिंतीला टेकून उभी होती. अशा सायकलीचं चाक २८ इंची, म्हणजे साधारण ७१ सेंटिमीटर. फोटोत चाक केवढं आणि दरवाजा केवढा ते मोजलं, त्रैराशिक मांडलं, की दरवाज्याची उंची आली. सायकल भिंतीला अगदी चिकटून होती म्हणून हे जमलं. दोन हात पुढे असती तर सगळं माप चुकलं असतं. दरवाजा भरला साडेसात फूट. आजी म्हणाली, शक्यच नाही, तुझे आजोबा वाकून आत यायचे. माझं गणित तीन वेळा तपासलं. मग लक्षात आलं, की ते वाकायचे ते मोठ्या दारातल्या छोट्या दिंडीतून येताना. दार रोज उघडायचंच नाही. दिंडी कुठल्याच फोटोत नव्हती, कारण फोटो काढायच्या दिवशी दार उघडलेलं असायचं.

लाकडाचं काम कसं असतं ते पाहायला मी रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्यात चार वेळा गेले. तुम्ही गेला नसाल तर जा. भाऊ तांबेकर १८४९ ते १८५४ या काळात बडोदा संस्थानचे दिवाण होते, त्यांचा हा चार मजली वाडा. आता पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. भिंतींवर एकोणिसाव्या शतकातली चित्रं आहेत. कृष्ण आहे, मराठे-इंग्रजांची लढाई आहे, आणि मधेच गोऱ्या मडमा. आमचा वाडा त्याच्यापुढे गोठा. पण खांब तुळईला कसा धरतो, जिन्याची पायरी केवढी उंच असते, हे फोटोत कळत नाही, तिथे पाय ठेवल्यावर कळतं.

राहिलेलं आजीने सांगितलं. तिची मापं वेगळी. कोनाडा कणकेच्या परातीएवढा. विहीर दोन लुगडी वाळत घालण्याइतकी लांब. मी सगळं मॉडेलमध्ये घालत गेले. जिना उजवीकडे की डावीकडे यावर बाबांचं आणि तिचं जुंपलं, तेव्हा बाबांनी वैतागून पुण्याला काकांना फोन लावला. वाडा विकल्यापासून दोघे फक्त सणावाराला बोलतात. जिन्यावर ते २० मिनिटं बोलले. आजी कान देऊन ऐकत होती आणि मटार सोलल्याचं सोंग करत होती.

पहिली चाचणी डिसेंबरमधल्या एका दुपारी केली, आणि तिची फजिती थोडक्यात सांगते. अरुंद रस्त्यात उपग्रहाचे सिग्नल इमारतींवर आपटून येतात, त्यामुळे जीपीएस कित्येक मीटर चुकतं. आमचं तुळशीवृंदावन भर रस्त्यात, रिक्षांच्या मधोमध उगवलं. उन्हात स्क्रीन दिसेना. फोन इतका तापला की त्याने ॲपच बंद केलं. मग मी कव्हरवाल्या भाईंच्या परवानगीने त्यांच्या शटरशेजारच्या खांबावर एक छापील चित्र चिकटवलं. कॅमेरा ते ओळखतो आणि तिथून मोजून वाडा उभा करतो. आता वाडा जागेवर आला, पण फोनला पुढचं-मागचं कळेना. रस्त्यावरून जाणारा स्कूटरवाला आमच्या भिंतीत शिरायचा आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडायचा. भाईंनी माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं आणि म्हणाले, "बेन, मारी दुकान क्यां गई?"

पुढच्या आठवड्यात आजीला नेलं. ती ८६ वर्षांची, गुडघ्यांनी जेर आलेली. झेरॉक्सवाल्याने प्लास्टिकची खुर्ची दिली. मी फोन तिच्या डोळ्यांसमोर धरला. तिने एकदा पाहिलं, "हं" म्हणाली, आणि फोन हाताने बाजूला करून समोरच्या दुकानाकडेच पाहत बसली. नुसत्या डोळ्यांनी. "विहीर एवढी पुढे नव्हती," म्हणाली. "ते हिरवं कव्हर टांगलंय ना, तिथे." मी चार महिने खपून केलेला वाडा तिला नको होता. तिच्याकडे तिचा होता.

आणि माझ्याकडे प्रश्नावली होती. अशा संशोधनात वापरण्यातली सोय मोजायला १० प्रश्नांची एक सर्वमान्य यादी असते. प्रत्येक प्रश्नाला एक ते पाच गुण द्यायचे. एक प्रश्न सुलटा, पुढचा उलटा, म्हणजे माणूस डोळे झाकून गुण देत नाही ना ते कळतं. मी पहिला प्रश्न मराठीत करून विचारला. आजी म्हणाली, "पाच." दुसरा विचारला. "पाच." तिसरा. "अगं, सगळ्याला पाच लिही आणि घरी चल. सेव-उसळ घे येताना."

त्याच दिवशी निघताना एक बाई आल्या. साठीच्या पुढच्या, गळ्यात मोजपट्टी तशीच. तीन गल्ल्या सोडून त्यांचं शिवणकामाचं दुकान आहे. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, की एक मुलगी फोनमध्ये जुना वाडा दाखवते. आजी तोवर रिक्षात बसली होती. मी त्यांना आनंदाने फोन दिला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरून, अगदी हळूहळू, उजवीकडून डावीकडे नेला. दरवाजाच्या डावीकडे जाऊन थांबल्या. पुन्हा उजवीकडे, पुन्हा डावीकडे.

"आमची खोली कुठे आहे ह्यात?" त्यांनी विचारलं. मराठी स्वच्छ, किंचित गुजराती हेलाचं.

"कुठली खोली?" मी म्हटलं.

त्यांनी फोन परत दिला. "मी इथेच जन्मले ने," एवढंच बोलल्या आणि गेल्या.

दरवाजाच्या डावीकडे काय होतं ते मला माहीत होतं, कारण मीच ते केलं होतं. त्या बाजूचा एकही फोटो नव्हता. म्हणून मी उजवीकडच्या भिंतीचा गिलावा उचलून, आरशासारखा उलटा करून, तिथे डकवला होता. खिडकी नाही, दार नाही. कोरी भिंत. प्रबंधाच्या मसुद्यात मी त्याला 'माहितीअभावी केलेली पूर्तता' असं छान नावही दिलं होतं.

रात्री आजीला विचारलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मास्तरांची धाकटी असेल. डोळे घारे होते का?"

मास्तर म्हणजे शिंपी. रस्त्याकडच्या दोन खोल्यांत ते, त्यांची बायको आणि चार मुलं भाड्याने राहत. ओट्यावर मशीन. आजीची सगळी पोलकी मास्तरांच्या बायकोने शिवलेली. मुलं आमच्याच चौकात वाढली, म्हणून ते मराठी. मग १९७४ मध्ये आजोबांनी खोल्या खाली करायला दावा लावला. तो १२ वर्षं चालला. त्या १२ वर्षांत एकाच दारातून ये-जा करणारी दोन्ही घरं एकमेकांशी बोलली नाहीत. १९८६ मध्ये निकाल आमच्या बाजूने लागला आणि बेलिफ आला.

हे मी २५ वर्षांची होईपर्यंत ऐकलेलं नव्हतं. ४१ फोटो मी पाठ केले होते, ४१ मध्ये ते सहाजण कुठेच नव्हते, आणि मला कधी चुकल्यासारखं वाटलं नाही.

बाबा भडकले. "महिना ११ रुपये भाडं होतं. अकरा! वाडा गळायचा, कौलं बदलायला पैसे नव्हते. दोन बहिणींची लग्नं व्हायची होती. तुझ्या आजोबांनी काय करायचं होतं?" बाबांचंही खोटं नव्हतं. अशी भाडी आणि असे दावे आपल्या किती घरांत झाले असतील, दोन्ही बाजूंनी. "पण हे प्रबंधात कशाला?" ते म्हणाले. "लोक वाडा बघायला येतील, वाडा दाखव."

मी काकांना फोन केला. जिन्याचं निमित्त काढून. डावीकडच्या खोल्यांचं विचारल्यावर ते थांबले. मग म्हणाले, "मशीन मीच उचलून रस्त्यावर ठेवलं होतं. बाबा म्हणाले म्हणून. ओतीव लोखंड असतं ते, एकट्याने उचलत नाही. दुसऱ्या बाजूने कुणी धरलं होतं माहीत आहे? मास्तरांनी."

त्यानंतर मी जे करायला घेतलं ते सांगायला मला जरा लाज वाटते. मी तो प्रसंग बनवायला घेतला. फोन वर धरला की ओट्याखाली, आजच्या डांबरी रस्त्यावर, मशीन उभं. भोवती गाठोडी, भांडी, वळकट्या. माणूस एकही नाही. मशीनचं चाक हळूहळू फिरत थांबतंय. मला ते फार सुंदर वाटत होतं. कोलंबियाच्या त्या इस्पितळाशेजारी शोभेल असं. गाइडना पाठवलं, त्यांना आवडलं. पण त्यांनी एकच विचारलं, "त्यांना दाखवलंस?"

मी मनात तयार असलेलं उत्तर दिलं. ऑक्टोबर २०१० मध्ये सँडर वेनहोफ आणि मार्क स्क्वारेक या दोघांनी न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात, मोमामध्ये, कुणाचीही परवानगी न घेता आभासी प्रदर्शन भरवलं होतं. भिंतींवर संग्रहालयाची चित्रं, फोनमध्ये यांची. या माध्यमाची ताकदच ती आहे, हवेला कुलूप लावता येत नाही. गाइड म्हणाल्या, "मोमाच्या घरात न विचारता शिरणं आणि शिंप्याच्या घरात न विचारता शिरणं एकच का? आणि तेही तू?"

बेनच्या दुकानात गेले. पहिल्या दिवशी त्यांनी मला फॉल लावायला आणलेल्या साड्यांच्या ढिगाशेजारी बसवून ठेवलं आणि गिऱ्हाइकं केली. दुसऱ्या दिवशी चहा दिला. तिसऱ्या दिवशी मी ते दृश्य दाखवलं. त्यांनी चाक थांबेपर्यंत पाहिलं.

"हे काढून टाक," म्हणाल्या. "त्या दिवशी रस्त्यावर सगळे बघत होते. आता परत उभं करायचं, रोज, कुणीपण फोन काढला की?"

मी सांगायचा प्रयत्न केला, की अन्याय झाला हे लोकांना कळायला हवं. त्या हसल्या. "कळून काय, खोली देणार? कोर्टाचं नको. तुमचं पण नको, आमचं पण नको. माझे बापू १२ वर्षं फक्त कोर्ट कोर्ट करत नव्हते. कपडे शिवत होते. ते दाखव. आणि नाव नको लिहू."

मग त्यांनी सांगायला सुरुवात केली, आणि मी लिहून घेत गेले. मशीन ओट्याच्या डाव्या टोकाला, कारण तिथे सकाळचा उजेड यायचा. वर एक पिवळा दिवा, त्याच्या वायरला गाठ. दिव्याखाली बसून धाकटी अभ्यास करायची, कारण खोलीत सहा माणसं. काजं करायचं काम मोठ्या बहिणीचं. खिडकीला गजाऐवजी लाकडी पट्ट्या, त्यातली तिसरी निघालेली. त्यातून आमची आजी वाटीभर काही ना काही द्यायची. दाव्यानंतर ती पट्टी कुणीतरी खिळा मारून बसवली. कुणी, ते बेनना माहीत नव्हतं. घरी विचारलं तर आजी म्हणाली, "मीच."

त्या रात्री मी सगळे फोटो पुन्हा काढले. आत्याच्या लग्नाचा, १९७९ चा. वरात दारात आहे, सगळे हसतायत. डाव्या कडेला, फोटो जिथे संपतो तिथे, एक काळं अर्धवर्तुळ. इतके दिवस ती मला बँडवाल्याची कसली तरी वस्तू वाटत होती. मशीनचं चाक होतं ते. त्यावर चार बोटं.

खोली बांधायला तीन आठवडे लागले. आवाज बेनच्या दुकानातल्या पायाच्या मशीनचा घेतला. ते मशीन म्हणजे तेच, रस्त्यावर ठेवलेलं. आधी मी आवाज सलग वाजवला. बेन म्हणाल्या, असं कोण शिवतं, टीप मारायची, थांबायचं, कापड वळवायचं, मग परत. तसं केलं.

जागा पक्की करायला एका रविवारी सकाळी साडेसहाला गेलो, ऊन चढायच्या आणि शटर उघडायच्या आत. मी दोघींना सांगितलं होतं की दुसरी येणार आहे. बेन म्हणाल्या होत्या, येऊ दे. आजी म्हणाली होती, बघू. पण ती आदल्या रात्रीच धुतलेलं पातळ काढून बसली होती.

तुम्हाला वाटत असेल गळ्यात पडल्या. तसं काही झालं नाही. आजी खुर्चीवर, बेन शेजारी उभ्या. ३७ वर्षांनी पहिलं वाक्य बेन बोलल्या: "काकू, तुमचं पोलकं उजव्या खांद्यावर ओढतंय. कुणी शिवलं?"

आजी म्हणाली, "रेडीमेड आहे."

"ते दिसतंच आहे."

मग फोन दोघींच्या मधे धरला. या वेळी आजीने तो बाजूला केला नाही. मशीनवरून दोघींचं वाजलं. आजीच्या मते ते खिडकीखाली, बेनच्या मते ओट्याच्या टोकाला. मी बोटाने ते इकडून तिकडे सरकवत होते आणि दर वेळी एकजण नाही म्हणत होती. फोनमध्ये न बघता दोघी हवेत हात करून एकमेकींना दाखवत होत्या, इथे पायरी, इथे तुझी आई बसायची, इथे नाही हो काकू, इथे तर नळ होता. मी रेकॉर्डर चालू ठेवून मागे सरले. माझी १० प्रश्नांची यादी पिशवीतच राहिली. शेवटी सव्वासातला झेरॉक्सवाला आला, आणि त्याने आपली खुर्ची मागितली.

बाबा त्या दिवशी आले नाहीत. नंतर एकदा एकटेच जाऊन आले, असं भाईंनी मला सांगितलं. मी बाबांना विचारलेलं नाही.

प्रबंध झाला. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, वापरकर्त्यांची संख्या एवढी कमी का, आणि मॉडेलच्या डाव्या बाजूला पुरावा एका फोटोतल्या अर्ध्या चाकाचाच का. दोन्ही प्रश्न रास्त होते. मी उजव्या बाजूलाही पुरावा किती कमी आहे ते दाखवलं. तिथे फक्त आमचे फोटो होते म्हणून तो जास्त वाटत होता. त्यांना ते पूर्ण पटलं असं नाही.

यंदा फेब्रुवारीत फोनचं नवं अपडेट आलं आणि ॲप उघडेनासं झालं. या क्षेत्रात हे नेहमीचं आहे. २०१५ मध्ये ॲपलने मेटायो ही जर्मन कंपनी विकत घेतली, तेव्हा तिचं जुनायो नावाचं ॲप बंद झालं आणि त्यावर केलेलं लोकांचं कामही त्याच्याबरोबर गेलं. आमचा वाडा दुसऱ्यांदा पडला म्हणायचा. सगळं नव्याने जोडावं लागणार, त्याला दोन-तीन महिने जातील. तोवर मी वाड्याचा नकाशा मोठ्या कागदावर छापून आजीच्या खोलीत लावला आहे. तिने बॉलपेनने विहीर खोडून मागे काढली आहे.

परवा बेनचा फोन आला. दुकानात गर्दी होती, मागे मशीन चालू होतं. त्या घाईत म्हणाल्या, "ऐक, तू ते परत बनवतेस ने? मी विचार केला. काकूंचं थोडं बरोबर आहे. मशीन हातभर उजवीकडे घे. पण खिडकीखाली नाही हं."